उपासमारीतील चयापचय आणि हायड्रोजन

उपासमारीत शरीर साठवलेल्या मेदातून हायड्रोजन सोडवते, तो अवयवांपर्यंत पोचवते आणि सोबत निर्माण होणाऱ्या आम्लतेची विल्हेवाट लावते. उपासमार म्हणजे ग्लुकोजची टंचाई, असे सहसा मांडले जाते. पहिल्या दिवसापुरते ते खरेही आहे, कारण यकृतातील ग्लायकोजेन साधारण 24 तासांत संपत येते. पुढे मात्र इंधनापेक्षा त्याची वाहतूक अवघड ठरते. पामिटिक आम्लात 16 कार्बन, 32 हायड्रोजन आणि ऑक्सिजन अवघे 2; ग्लुकोजमध्ये 6 कार्बन, 12 हायड्रोजन आणि ऑक्सिजनही 6. मेदाचे ज्वलन असे जवळजवळ पूर्ण बाकी असते, म्हणून 100 ग्रॅम मेद जळला की सुमारे 107 ग्रॅम पाणी तयार होते. पण एवढ्या समृद्ध साठ्यातली मेदाम्ले मेंदूच्या फारशी कामी येत नाहीत.

ही कोंडी यकृत फोडते. मेदाम्लांचे तुकडे पडताना सुटलेला हायड्रोजन एनएडी हे वाहक सहविकर उचलते आणि त्याचे एनएडीएच होते. तुकड्यांपासून अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट बनते. त्यावर एनएडीएचमधला हायड्रोजन चढला की बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट तयार होते. मेंदूत तो हायड्रोजन पुन्हा उतरवून घेतला जातो. या दोन द्रव्यांच्या प्रमाणावरून यकृताच्या तंतुकणिकांतील (मायटोकॉन्ड्रियांतील) एनएडी आणि एनएडीएचचे प्रमाण काढता येते, हे हान्स क्रेब्ज आणि सहकाऱ्यांनी 1967 मध्ये उंदरांवरील कामातून दाखवले. त्याच वर्षी जॉर्ज केहिल यांच्या गटाने अनेक आठवडे उपाशी राहिलेल्या स्थूल व्यक्तींत मेंदूचे बहुतांश इंधन याच दोन द्रव्यांतून, म्हणजे कीटोन द्रव्यांतून, येते, हे सिद्ध केले. कीटोन तपासण्याची लघवीची नेहमीची पट्टी मात्र अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटनेच जांभळी होते. हायड्रोजन वाहून नेणारे बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, जे प्रमाणाने जास्त असते, तिला दिसतच नाही.

उपासमारीचा खरा प्रश्न मेदातल्या हायड्रोजनच्या वाहतुकीचा आहे, यावर आक्षेप असा, की लाल रक्तपेशींत तंतुकणिका नसतात, त्यांना ग्लुकोजच लागते आणि मेदाम्लांच्या कार्बनपासून माणसाच्या शरीरात निव्वळ ग्लुकोज बनत नाही. आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. त्या पेशींनी सोडलेल्या लॅक्टेटचे यकृत पुन्हा ग्लुकोज करते आणि त्यासाठीची ऊर्जा मेदातल्या हायड्रोजनच्या ज्वलनातूनच येते. कार्बन तोच फिरत राहतो, खर्च मेद सोसतो. मेंदूची ग्लुकोजची मागणी मात्र पूर्ण संपत नाही, म्हणून स्नायूंची झीज चालूच राहते. फक्त दिवसाला सुमारे 75 ग्रॅम प्रथिनांवरून ती 20 ग्रॅमच्या आसपास येते.

दुसरा आक्षेप आम्लतेचा. येथे हायड्रोजन अणू आणि हायड्रोजन आयन यांची गल्लत टाळावी. कीटोन आम्ले दोन्ही वाहतात, पण आयन हे ओझे आहे. मधुमेहात इन्शुलिनअभावी हेच ओझे प्राणघातक ठरू शकते. उपासमारीत थोडेसे इन्शुलिन शिल्लक असल्याने मेदाच्या विघटनाला लगाम राहतो, तर मूत्रपिंड ग्लुटामिनपासून अमोनिया काढून त्यावर आयन बसवते आणि सोडियम-पोटॅशियम वाचवते. ग्लुटामिनच्या उरलेल्या कार्बनसांगाड्याचे तेथेच ग्लुकोज होते. प्रदीर्घ उपासमारीत नव्या ग्लुकोजमधला मूत्रपिंडाचा वाटा 40 टक्क्यांच्या आसपास जातो.