डूम्सडे तबकड्या व अस्सल-नकलेचा विचार

इंग्लंडचा राजा विल्यम याच्या आज्ञेनें इ. स. १०८६ मध्यें झालेल्या डूम्सडे पाहणीचा ग्रंथ चर्मपत्रावर शाईनें लिहिलेला असून तो आजहि वाचतां येतो. त्या पाहणीच्या नवशें वर्षांच्या स्मरणार्थ बीबीसीनें इ. स. १९८६ मध्यें नवी पाहणी सिद्ध केली. शाळांतील मुलांसह दहा लाखांवर लोकांनीं जमविलेला मजकूर, नकाशे व छायाचित्रें लेसर-तबकड्यांवर सांठविलीं गेलीं. परंतु पुढें पंधरा-सोळा वर्षांतच ही पाहणी वाचणें दुर्घट झालें. यावरून तबकड्या नासल्या असा प्रवाद रूढ झाला आहे, तो आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

तबकड्या शाबूत होत्या; दुर्मिळ झालें तें वाचनाचें साधन. फिलिप्सचें विशिष्ट तबकडीयंत्र व एकॉर्नचा बीबीसी मास्टर संगणक यांच्या जोडीवांचून त्या मुक्याच. मोडी जाणणारा नसला म्हणजे अस्सल कागदहि मुका होतो, तसेंच हें.

लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या ‘कॅमिलिऑन’ प्रकल्पानें इ. स. २००२ मध्यें यावर उपाय करून दाखविला. प्रथम तबकडीवरील मजकूर व चित्रें नव्या संगणकावर उतरवून घेतलीं. नंतर जुन्या यंत्राप्रमाणें वागणारी आज्ञावली योजिली. या दुसऱ्या कृतीस एम्युलेशन म्हणतात.

आपल्या संग्राहकांच्या घरीं ज्या जुन्या फ्लॉपी पडून आहेत, त्यांसहि हाच न्याय लागू आहे. फ्लॉपीची सबंध नक्कल, म्हणजे डिस्क इमेज, घेतली असतां फायलींबरोबर त्यांच्या तारखा उतरतात. पुसलेल्या परंतु वर दुसरें कांहीं न लिहिलेल्या मजकुराचे अवशेषहि उतरतात. केवळ मजकूर उतरवून फ्लॉपी टाकणें म्हणजे सुधारलेली नक्कल ठेवून खाडाखोडीची अस्सल बखर रद्दींत देणें होय.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे. युनिकोडपूर्व काळांतील पुष्कळ मराठी मजकूर त्या त्या फाँटवांचून निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. सबब फ्लॉपीवर लिहिण्यास प्रतिबंध करून आधीं इमेज घ्यावी, आणि तीसोबत तो फाँट व ती आज्ञावलीहि जतन करावी. चुंबकीय लेप कालांतरानें क्षीण होतो. म्हणून हें काम पुढील पिढीवर टाकणें योग्य नव्हे, असें आमचें मत आहे.