दंतवर्णी पूरण

किडलेल्या, झिजलेल्या अथवा टवका उडालेल्या दाताचा बिघडलेला भाग काढून टाकून त्या जागी नैसर्गिक दाताच्या रंगाशी जुळणारे द्रव्य भरण्याच्या क्रियेस दंतवर्णी पूरण म्हणतात. व्यवहारात तिला ‘दातात सिमेंट भरणे’ असे म्हटले जाते. पारा आणि चांदीयुक्त मिश्रधातू यांच्या पारदमेलाने केलेल्या पूरणास ‘चांदी भरणे’ हे नाव रूढ आहे. या दोन प्रकारांतील भेद केवळ रंगाचा नाही. धातूचे पूरण पोकळीत अडकून राहते, तर आधुनिक दंतवर्णी पूरण दाताला चिकटते. या एका गुणामुळे दाताचा निरोगी भाग किती कापावयाचा, उपचारास कोणती साधने लागावयाची आणि तो दवाखान्यापासून किती दूरवर नेता यावयाचा, या तिन्ही बाबतींत मोठा फरक पडला.

प्राचीन काळ : दाताच्या पोकळीवरील उपचार फार जुने आहेत. बलुचिस्तानातील मेहेरगढ येथील सु. ९,००० ते ७,५०० वर्षांपूर्वीच्या दफनभूमीत नऊ व्यक्तींचे एकूण अकरा दात कोरलेले आढळले. हे संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. स्लोव्हेनियातील सु. ६,५०० वर्षांपूर्वीच्या एका सुळ्याच्या भेगेत मेण आढळल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते त्या व्यक्तीच्या हयातीत भरले असल्यास ज्ञात पूरणांपैकी ते अत्यंत प्राचीन ठरते. भारतीय वैद्यकात सुश्रुताने कृमिदंत या रोगाचे वर्णन केले आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात किडीची पोकळी गूळ किंवा मेण यांनी भरून डागावी, तसेच सातविणीचा व रुईचा चीक तीत भरावा, असे सांगितले आहे. अर्थात या उपायांचा हेतू वेदना शमविणे हा होता. दाताचा आकार व चर्वणशक्ती पूर्ववत करणे हा नव्हे.

धातूच्या पूरणाचा काळ : एकोणिसाव्या शतकात पारदमेलाचा प्रसार झाला. ते स्वस्त, टिकाऊ आणि भरण्यास सोपे होते. परंतु दाताला चिकटत नसल्यामुळे ते निसटू नये म्हणून पोकळी तोंडाशी अरुंद व तळाशी रुंद अशी कोरावी लागे. अमेरिकन दंतवैद्य ग्रीन वर्दिमन ब्लॅक (१८३६–१९१५) यांनी अशा पोकळ्यांचे वर्गीकरण केले व त्या कोरण्याचे नियम बांधून दिले. कीड पुन्हा लागू नये म्हणून शेजारच्या निरोगी खाचाही कापून पूरणात घ्याव्यात, असा त्यांचा दंडक होता. त्यामुळे लहानशा किडीसाठीही बराच निरोगी भाग खर्ची पडे. पुढील दातांत हे काळपट पूरण विद्रूप दिसे, ही अडचण निराळीच होती.

दंतवर्णी द्रव्यांचा शोध : दातासारखे दिसणारे पहिले महत्त्वाचे पूरणद्रव्य म्हणजे सिलिकेट सिमेंट होय. १८७० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये टॉमस फ्लेचर यांनी त्याचा प्रारंभिक प्रकार तयार केला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचा वापर वाढला. ते लाळेत हळूहळू झिजत असे, तसेच दातातील मगजास त्रासदायक ठरे. मात्र त्यातून फ्ल्युओराइड पाझरत असल्याने त्याच्या कडेने कीड सहसा लागत नसे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ॲक्रिलिक रेझीन वापरात आले. ते घट्ट होताना आकसत असे व उष्णतेने दातापेक्षा बरेच अधिक प्रसरण पावे. परिणामी कडेला फट पडून तीत लाळ व जंतू शिरत.

१९५५ मध्ये अमेरिकेतील मायकेल ब्युओनोकोर यांनी या प्रश्नाची दिशा बदलली. रंग पक्का बसावा म्हणून धातूच्या पृष्ठभागावर फॉस्फोरिक अम्लाची प्रक्रिया उद्योगधंद्यांत केली जात असे. तीच कल्पना त्यांनी दंतवल्कास, म्हणजे दाताच्या बाहेरील कठीण कवचास, लागू केली. अम्लाने दंतवल्कावर असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. त्यांत पातळ रेझीन शिरून घट्ट झाले की ते मुळे रोवल्याप्रमाणे पकड घेते. यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत काम करणाऱ्या राफेल बोवेन यांनी कमी आकसणारे नवे रेझीन तयार करून त्यात सिलिकेची बारीक पूड मिसळली. १९६२ मध्ये त्यांना त्याचे एकस्व मिळाले. आजची संमिश्र रेझिने (कॉम्पोझिट) याच शोधाची वंशज आहेत. पुढे १९७० नंतरच्या दशकात ती प्रकाशाने घट्ट करण्याची पद्धत आली. प्रथम जंबुपार व नंतर निळा प्रकाश वापरला जाऊ लागला. दंतवल्काखालील ओलसर दंतिनास रेझीन कसे चिकटते, याचा उलगडा जपानमधील नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये केला.

दरम्यान लंडनच्या शासकीय रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनी काच-आयनोमर सिमेंट शोधून काढले. १९७० नंतर लवकरच ते प्रसिद्धीस आले. विशिष्ट काचेची पूड आणि पॉलिॲक्रिलिक अम्ल एकत्र कालवल्यावर ते काही मिनिटांत आपोआप घट्ट होते. दातातील कॅल्शियमाशी त्याचा रासायनिक बंध जुळतो आणि त्यातून फ्ल्युओराइड पाझरते. चकाकी व बळकटी यांत ते संमिश्र रेझिनाहून उणे आहे. परंतु त्यास दिवा लागत नाही आणि किंचित ओलावाही ते सहन करते.

महाराष्ट्रातील स्थिती : भारतातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्ता येथे स्थापन केले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतवैद्यक महाविद्यालय १९३३ मध्ये, तर शासकीय दंत महाविद्यालय १९४५ मध्ये सुरू झाले. दंतवैद्यांची नोंदणी व शिक्षण यांचे नियमन करणारा कायदा १९४८ मध्ये झाला. विदर्भाला शासकीय दंत महाविद्यालयासाठी १९६८ पर्यंत थांबावे लागले. ते नागपूर येथे निघाले. अशा प्रकारे चिकटणाऱ्या पूरणद्रव्यांचा शोध आणि विदर्भातील शासकीय दंतवैद्यकीय शिक्षणाचा आरंभ साधारणतः एकाच काळात पडतात. परंतु महाविद्यालय आणि खेडे यांतील अंतर त्यामुळे आपोआप मिटले नाही.

हे अंतर समजण्यास इटियाडोहचा परिसर उदाहरणादाखल घेता येईल. गोंदिया जिल्ह्याच्या (१९९९ पूर्वी भंडारा जिल्हा) अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. नागपूर येथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. परिसर धानशेतीचा व जंगलाचा आहे. पूर्व विदर्भात कडुनिंब व बाभूळ यांच्या काडीने दात घासण्याची रीत जुनी आहे. त्याचबरोबर सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा चघळण्याची सवयही सर्वत्र दिसते. सुपारीने दातांचे माथे झिजतात. भरड दंतमंजन किंवा जोराने घासण्यामुळे हिरडीलगत खाचा पडतात. अशा खाचांत कोरण्यासारखी पोकळी नसतेच. तेथे चिकटणारे द्रव्यच उपयोगी पडते.

संमिश्र रेझिनाचे पूरण करावयाचे तर दात पूर्ण कोरडा ठेवावा लागतो. अम्ल, बंधक द्रव व रेझीन क्रमाने लावावे लागतात आणि निळ्या प्रकाशाचा दिवा लागतो. त्याचा खर्चही अधिक येतो. रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून दूरच्या शहरी जाणे ज्याला परवडत नाही, तो ठणका असह्य होईपर्यंत थांबतो. तोवर कीड मगजापर्यंत पोहोचलेली असते. मग मूलनालीचा खर्चिक उपचार किंवा दात उपटणे एवढेच पर्याय उरतात आणि बहुधा दुसराच परवडतो. सकाळी सुटणारे दुखणे म्हणून दात काढला जातो. पण त्याबरोबर चावण्याची शक्ती कायमची कमी होते.

हातहत्यारांची पद्धत : या अडचणीवर उपाय आफ्रिकेत शोधला गेला. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास टांझानियात काम करीत असताना डच दंतवैद्य यो फ्रेंकेन यांनी यंत्राविना पूरण करण्याची पद्धत वापरात आणली. तीत किडीने मऊ पडलेला भाग हातातील लहान हत्यारांनी खरवडून काढतात आणि पोकळी काच-आयनोमर सिमेंटाने बुजवून वरच्या खाचाही त्यानेच लिंपतात. वीज, नळाचे पाणी किंवा दंतवैद्याची खुर्ची यांची गरज नसते. रुग्णाला शाळेतील बाकावर निजवूनही काम करता येते व भूल देण्याची वेळही क्वचितच येते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये या पद्धतीचा पुरस्कार केला. दाताच्या एकाच बाजूस असलेल्या पोकळीत तिचे यश चांगले असते. अनेक बाजू व्यापणारे पूरण मात्र लवकर निकामी होते. २०२१ मध्ये काच-आयनोमर सिमेंटाचा समावेश संघटनेच्या आवश्यक औषधांच्या आदर्श यादीत करण्यात आला.

दंतवर्णी पूरणाकडे वळण्यास पर्यावरणाचे कारणही आता जोडले गेले आहे. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणारा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला व भारताने २०१८ मध्ये त्यास अनुसमर्थन दिले. पंधरा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व स्तनदा माता यांच्या दातांत पारदमेल भरू नये, असे करारातील देशांनी २०२२ मध्ये ठरविले. युरोपीय संघाने २०२५ च्या आरंभापासून, वैद्यकीय अपवाद वगळता, त्याचा वापर थांबविला. मात्र पारदमेल स्वस्त व ओलाव्यातही टिकणारे असल्याने त्याच्या जागी काय द्यावयाचे, हा प्रश्न गरीब व ग्रामीण रुग्णाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो. शहरात त्याचे उत्तर संमिश्र रेझीन हे आहे. दूरच्या गावात ते काच-आयनोमर सिमेंट होऊ शकते, परंतु कीड लहान असतानाच ती ओळखली गेली तर. ते ओळखणारा प्रशिक्षित माणूस गावाच्या शाळेपर्यंत पोहोचणे, ही या पूरणाच्या इतिहासातील अद्याप अपुरी राहिलेली पायरी होय.