चपला बाहेर काढा, आत कॉम्प्युटर आहे

सांभाळून या. जिन्याची तिसरी पायरी हलते आणि आधाराच्या दोराला शाई लागलेली आहे. खाली वाड्याच्या अंधाऱ्या तळमजल्यावर ऑफसेटचं मशीन धडधडतंय. ती धडधड जिन्याच्या लाकडातून तुमच्या तळपायांपर्यंत पोचते. रॉकेल, शाई आणि ओलसर कागद यांचा वास नाकातून थेट घशात उतरतो. कोपऱ्यात गोणपाटाच्या पोत्यांमध्ये शिशाचे खिळे भरून ठेवलेत, मोडीत जाण्यासाठी. ते जुळवणारे कंपोझिटर काका आता प्रुफं वाचतात.

साल १९९७, पुण्याची नारायण पेठ. पितृपक्ष चालू आहे, म्हणजे दिवाळी अंकवाल्यांची झोप उडालेली आहे. आणि तुम्ही आज मुखपृष्ठकार आहात. नखांत निळा पोस्टर कलर अडकलाय, काखेत ड्रॉइंग बोर्ड आहे, शबनममध्ये ब्रश, पैठणीचा एक जुना तुकडा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली झेंडूची फुलं. रिक्षावाल्यानं तुम्हाला पूजेचं सामान नेणारा माणूस समजून ओंकारेश्वराशी सोडायची तयारी दाखवली होती.

जिना संपला की काचेचं दार. त्यावर कागद चिकटवलाय: ‘चपला बाहेर काढा’. आत गाभारा नाही, डीटीपीचं ऑफिस आहे. दार ढकलताच गार हवा अंगावर येते. हा एसी माणसांसाठी नाही. मालकाच्या टेबलावर पंखासुद्धा करकरतो, पण कॉम्प्युटरला धूळ आणि उकाडा सोसत नाही. त्यामुळे दुपारी अर्धी पेठ ‘जरा प्रूफ बघायला’ इथंच येऊन बसते. घामाचा, गरम प्लॅस्टिकचा आणि कटिंग चहाचा वास एकत्र कोंडलेला. जाडजूड मॉनिटरचा पडदा बारीक थरथरतो. त्याच्या जवळ हात नेलात तर केस उभे राहतात.

खुर्चीत ऑपरेटर पोरगा बसलाय. तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि सध्या तुमचा मालक, कारण माउस त्याच्याकडे आहे.

“सर, चित्र आणलंत?”

“आणलंय. तुकड्यातुकड्यांत.”

तो बोर्डाकडे बघतो आणि गप्प होतो. बोर्डावर दिवा घेतलेली बाई आहे (दिवाळी अंकावर बाई लागतेच, त्यावर वाद नको), पण तिच्यामागे कोरा कागद. दुसऱ्या कागदावर नुसता निळा-जांभळा वॉश, त्यात बाई नाही. तिसऱ्यावर काळ्या शाईत, कटनिबनं काढलेलं अंकाचं नाव. दलाल आणि मुळगावकरांच्या मुखपृष्ठांवर वाढलेल्या कुणालाही हे अर्धवट काम वाटेल. त्यांच्या चित्रात बाई, साडी, उजेड, मागचं आकाश सगळं एकाच कागदावर एकमेकांत मुरलेलं असायचं. तुम्ही मात्र मुद्दाम वेगळं ठेवलंय. हल्ली फोटोशॉपमध्ये थर मिळतात ना, म्हणून तुम्ही घरीच थरांत विचार करायला लागलात. आकाशासाठी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणलेला खरखरीत कागद, बाईसाठी गुळगुळीत. एकाच चित्रात दोन कागद! ब्रशनं हे कधी जमलं नसतं.

आता स्कॅनर. झाकण उघडा, बाईला काचेवर पालथी घाला. मोटर कण्हते, झाकणाच्या कडेतून पांढऱ्या उजेडाची पट्टी सरकताना दिसते. हलू नका, टेबल हलतं. ए-फोर कागद, तीनशे डीपीआय: फाइल साधारण २५ एमबी. फ्लॉपीवर मावतं १.४४. म्हणजे ही एकटी बाई घरी न्यायची तर अठरा फ्लॉप्या लागतील, आणि अनुभव असा की सतरावी खराब निघते. म्हणून मालकानं १०० एमबीची झिप डिस्क घेतलीय आणि ती सोन्याच्या दागिन्यासारखी कुलपात ठेवतो.

मग तुम्ही शबनममधून झेंडू काढता.

“सर, हे काय?”

“स्कॅन कर.”

“फूल?”

“आणि पैठणी.”

पोरगा मालकाकडे बघतो. मालक तेवढ्यात फोनवर बोलतोय म्हणून वाचता. फुलं काचेवर थेट ठेवायची, पाकळ्या खाली. शेजारी पैठणीचा तुकडा. झाकण अर्धवटच मिटतं, त्यावर तुम्ही काळं कापड पांघरता. पट्टी सरकते. काच कोमट असते, त्यामुळे खोलीत झेंडूचा उग्र वास पसरतो आणि प्रुफं वाचणारे काका मान वर करतात. पडद्यावर हळूहळू, वरून खाली, पाकळी उमटते. काचेला टेकलेला भाग लखलखीत, जरा वर असलेला लगेच धूसर, आणि त्यामागे मिट्ट काळोख. असा उजेड कुठल्याही कॅमेऱ्यातून सहज मिळत नाही. जरीतला एकेक धागा मोजता येतो. पोरगा पुटपुटतो, “भारी!” आणि दुसऱ्याच क्षणी रुमालानं काचेवरचा ओलावा पुसायला लागतो.

इथून पुढे संथ काम. बाईला तिच्या पांढऱ्या कागदातून सोडवायचं. माउसच्या पोटातल्या रबरी गोळीत धागे अडकलेत. कडेनं फिरवताना बाण मध्येच उडी मारतो आणि कान कापला जातो. पोरगा गोळी काढून नखानं कचरा खरवडतो, पुन्हा सुरू. निवडलेल्या कडेवर काळ्यापांढऱ्या मुंग्या चालत राहतात. तुम्ही त्याच्या खांद्यावरून सांगता: केसांची कड कापू नको, तिथं कोरड्या ब्रशचे फराटे आहेत, ते राहू देत. त्याला ती कड ‘अनक्लीन’ वाटते. यावर तुमचं अर्धा तास भांडण होतं. तुम्ही जिंकायला हवं, कारण धारदार कडेनं कापलेली बाई आकाशावर चिकटवलेल्या स्टिकरसारखी दिसते आणि या वर्षीची निम्मी मुखपृष्ठं तशीच दिसताहेत.

उरलेल्या निम्म्यांवर लेन्स फ्लेअर आहे. पोरगा तुम्हालाही दाखवतो: दिव्याच्या ज्योतीवर एक क्लिक, आणि फाटकन चांदण्यांची माळ. अक्षरांना सावली. सावलीला उठाव. संपादकांनी बजावलेलंच आहे, “काहीतरी कॉम्प्युटरचं वाटू दे हो.” मोह होतो. नाही म्हणा. ज्योत तुम्ही रात्री तीन पातळ हातांनी रंगवलीय, पिवळ्यावर शेंदरी, मध्ये कागदाचा कोरा पांढरा ठेवून. तिला मशीनच्या उजेडाची गरज नाही. मशीनकडून जे घ्यायचं ते वेगळं: आकाशाचा वॉश मोठा करून घ्या, म्हणजे रंगाचे कण वाटाण्याएवढे दिसतील. पैठणीचा मोर उलटा करून किनारीवर फिरवा. अक्षरं कोरलमध्ये ट्रेस करा, पण कटनिबचा थरकाप गुळगुळीत होऊ देऊ नका.

आणि चुका जपून करा. अन्‌डू एकदाच मिळतं. दोन पावलं चुकलात की मागचं दार बंद. पोरगा याला वैतागतो. तुम्हाला मात्र सवय आहे, जलरंगात तेही एक मिळत नव्हतं. म्हणून आधी कागदावर पेन्सिलीनं ठरवा, मग सांगा. प्रत्येक ब्लरनंतर पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या पावलानं भरते आणि तेवढ्यात एक चहा होतो. संध्याकाळपर्यंत तुम्ही इतके चहा प्यालेले असता की हात थरथरतो.

वीज जाते. एसीचा घरघराट थांबतो, खालचं मशीनही. अंधारात यूपीएसची पिपाणी.

“सेव्ह केलंस का?” खोलीतले सगळे एकदम ओरडतात, चहावाल्या पोरासकट.

केलंय. बसा. घाम फुटू द्या.

वीज आल्यावर छपाईच्या चार रंगांत फाइल बदलायची वेळ येते. नीट बघा, हे चटका लावणारं आहे. पोरगा मेनूतून ‘सीएमवायके’ निवडतो आणि पडद्यावरचं झगझगीत निळं आकाश डोळ्यांदेखत मळकं होतं. पडदा उजेडानं रंगतो, छपाई शाईनं. शाईला तो निळा येत नाही. मुरलेले मुखपृष्ठकार म्हणूनच आकाश मुळातच जरा करडं रंगवतात आणि भोवती ऊबदार पिवळा ठेवून निळ्याला उठाव देतात. तुम्ही तसं केलंय, निदान थोडंसं. उरलेलं हातानं.

हातानं म्हणजे असं. तयार झालेलं चित्र इंकजेटवर त्याच हातकागदावर काढा. कागद दोनदा अडकेल, पोरगा प्रिंटरची आणि तुमची माफी मागत ओढून काढेल. आता त्या छापील चित्रावर बसा. पाणी लावू नका, इंकजेटची शाई लगेच फुटते. कोरडा पेस्टल घ्या, बोटानं आकाशात घासा. ज्योतीवर पांढऱ्या पोस्टर कलरचा घट्ट ठिपका द्या. पेस्टलची भुकटी टेबलावर पडते, मालक ओरडतो, तुम्ही फुंकर मारता, तो आणखी ओरडतो. वाळलं की ते चित्र पुन्हा काचेवर.

“सर, परत स्कॅन? तासाचे पैसे लागतात.”

“लागू देत.”

दोन दिवसांनी खाली मशीनपाशी उभे राहा. सीएमवायके वगैरे वर. इथं निळा, लाल, पिवळा, काळा. मशीनमामा पहिला ताव उचलतात, डोळ्याला भिंग लावून कोपऱ्यातल्या फुल्या जुळल्यात का पाहतात. लाल केसभर सरकलाय, बाईला दोन नाकं आहेत. पाना फिरतो, पुन्हा धडधड, एकच नाक. “आकाश झोपलंय,” मामा म्हणतात आणि पात्यानं थोडी निळी शाई चाटवतात. ना फाइलला विचारतात, ना तुम्हाला. आकाश उठतं.

तेवढ्यात प्रकाशक येतात. ओला ताव दोन्ही हातांत धरून खूश होतात.

“झकास! आता मूळ चित्र द्या. दरवर्षीचं फ्रेम करून ऑफिसात लावतो आम्ही.”

तुम्ही शबनम उघडता. नुसतं आकाश. नुसती अक्षरं. जरीचा तुकडा, सुकलेला झेंडू. पेस्टल फासलेला, एका कोपऱ्यात चुरगळलेला प्रिंट. आणि बोर्डावरची बाई. प्रकाशक एकेक वस्तू उलटसुलट करतात. शेवटी बाईवर बोट ठेवतात.

“हिलाच लावतो. पण हिच्यामागं काहीच नाही हो!”

“मागं तुमची भिंत आहे की.”