टेम्पेस्टवरचं अशोकचक्र

या वीकेंडला हॉकर टेम्पेस्टचं 1:72 चं मॉडेल रंगवायला घेतलं. खऱ्या विमानाचे पंख साडेबारा मीटर, इथे जेमतेम सतरा सेंटिमीटर! पण आम्हा मराठवाड्यातल्यांना हे विमान परकं नाही. सप्टेंबर 1948 मध्ये 'ऑपरेशन पोलो'त भारतीय हवाई दलाची टेम्पेस्ट विमानं निजामाच्या राज्यावर उडाली. 17 सप्टेंबरला निजाम शरण आला, नांदेड-लातूर मुक्त झाले.

पंखांवर तिरंगी वर्तुळाचं डिकल चिकटवणार, इतक्यात थांबलो. ती खूण 1950 पासूनची. त्याआधी निळं अशोकचक्र होतं. तिरंगी लावलं असतं तर मॉडेल झकास दिसलं असतं, पण आपल्या मुक्तीचं विमान राहिलं नसतं. म्हणून आता बारीक ब्रशने चोवीस आरे काढतोय. असो, हात थरथरतोय!