जौहर, पात्यावरील

पोलादाच्या पात्यावर दिसणारी लाटांसारखी नक्षी, आणि ती उघडी करण्यासाठी पाते घासून, आम्लात बुडवून, धुऊन, तेल लावून पुरे करण्याचे काम. नक्षी पोलादाच्या पोटातच असते. आम्ल एका थराला जास्त खाते, दुसऱ्याला कमी, एवढाच त्याचा वाटा. हे ध्यानात न घेणारे हौशी कारागीर आम्ल बदलत बसतात. दोष बहुधा घासण्यात किंवा पाणी देण्यात (तापलेले पाते एकदम थंड करून कडक करण्यात) असतो.

जौहर दोन तऱ्हांचे, आणि बाजारात दोन्हींची सर्रास गल्लत होते. जुने जौहर मुशीतल्या पोलादाचे. त्यात कार्बन साधारण दीड टक्का. व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या अंशमात्र भेसळीमुळे कार्बाइडचे कण ओळींनी जमतात आणि त्यांचीच रेघ दिसते. रसशास्त्राच्या ग्रंथांत या केसाएवढ्या रेघांना ‘पोगर’ म्हटले आहे. आज ‘डमास्कस’ म्हणून विकली जाणारी पाती मात्र थरांची. साधे कार्बनचे पोलाद आणि सुमारे २ टक्के निकेल असलेले पोलाद यांच्या पट्ट्या रचून, तापवून, ठोकून एकजीव करायच्या, घडी घालून पुन्हा ठोकायच्या. लाकूड कापणाऱ्या काही पट्टाकरवतींची पाती याच निकेलच्या पोलादाची असतात. अमेरिकेत विल्यम मोरन याने १९७३ मध्ये अशी पाती प्रदर्शनात मांडली आणि या कामाला नव्याने हौशी मंडळी मिळाली.

विदर्भाला लोखंडाचे काम नवे नाही. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला १९७८–८० च्या उत्खननात महापाषाणयुगातील लोखंड गाळायची भट्टी निघाली. मुशीतल्या पोलादाचे मोठे ठाणे मात्र वऱ्हाडच्या दक्षिणेला, पैनगंगा आणि गोदावरी ओलांडल्यावर: निझामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम. १८५३ पर्यंत ते आणि वऱ्हाड दोन्ही निजामाच्याच मुलखात होते. तिथल्या पोलादाच्या वड्या विकत घ्यायला इराणी व्यापारी येत. हे काम डोळ्यांनी पाहून लिहून ठेवणारा वॉयसी हा लॅम्ब्टनने चालवलेल्या भूमापन सर्वेक्षणातला भूशास्त्रज्ञ. त्याचा लेख १८३२ मध्ये छापला गेला. मुंबईचा डॉक्टर हेलेनस स्कॉट याने अशाच वड्या लंडनला रॉयल सोसायटीचा अध्यक्ष जोसेफ बँक्स याच्याकडे पाठवल्या. त्यांवर जॉर्ज पिअर्सनने १७९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला, आणि पुढे मायकेल फॅरडेही या पोलादाच्या मागे लागला.

आज अकोल्यात जठारपेठेसारख्या वस्तीत जौहराचे काम करायचे तर भट्टी बहुधा दुसऱ्याची असते. गच्चीवर होते ते पुढचे. पाते आधी कडक केलेले हवे. मऊ पात्यावर नक्षी मळकट, एकसारखी राखाडी उतरते. म्हणायला ‘पाणी देणे’, पण अशा पात्याला तेलच द्यावे. साध्या पाण्यात ते तडकण्याची भीती असते. त्यानंतर घरच्या ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला दोनेक तास ठेवले की ठिसूळपणा जातो. ट्रकच्या कमानपाट्यापासून घडवलेल्या विळ्याला आम्ल दिले तर नक्षी येत नाही, कारण पोलाद एकच. फक्त धारेलाच पाणी दिलेले असेल तर तेवढा पट्टा वेगळ्या रंगाचा दिसतो, आणि लोहाराचा हात किती सरळ चालला तेही दिसते.

खरा वेळ जातो तो घासण्यात. वॉटर पेपर १२० नंबरापासून २२०, ४००, ६००, ८०० असा चढत न्यायचा. दर नंबराला दिशा बदलायची आणि आधीचे ओरखडे पुरते जाईपर्यंत पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. आम्ल ओरखड्यांनाही उठाव देते. २२० ची राहिलेली एक रेघ नक्षीच्या मधोमध कायमची बसते. कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळावा, नुसत्या बोटाने दाबला तर कडा गोल होतात. शेवटचे हात मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेने. बफच्या चाकावर पाते चमकवण्याचा मोह टाळावा. चाक पृष्ठभाग लिंपून टाकते आणि जौहर फिके पडते.

आम्ल म्हणून पूर्वी हिराकशीचे पाणी वापरत. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनीही काम होते, पण मंद. आज सर्वत्र फेरिक क्लोराइड चालते, रेडिओवाल्यांचे सर्किट बोर्ड कोरायचे तेच. तयार द्रावणाचा एक भाग आणि इन्व्हर्टरमध्ये घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरचे तीन-चार भाग. सुके खडे आणले असतील तर ते थोडे थोडे पाण्यात सोडावेत, खड्यांवर पाणी ओतू नये. द्रावण चांगलेच तापते आणि वाफ घशाला झोंबते. हातमोजे, चष्मा आणि उघडी हवा हवीच. भांडे काचेचे किंवा प्लास्टिकचे. एका टोकाला बूच बसवलेला पीव्हीसी पाइप सर्वांत सोयीचा. स्टीलचे सिंक, तांब्या-पितळेची भांडी आणि फरशी यांच्यापासून ते लांब ठेवावे, कारण पिवळा डाग जात नाही. थंड देशांत द्रावण कोमट करून घ्यावे लागते. अकोल्यात मे महिन्यात ते आपोआप तापलेले असते, तेव्हा वेळ कमी धरावा.

पाते आधी साबणाने, मग थिनरने पुसून घ्यायचे. बोटाचा ठसासुद्धा नक्षीत उमटतो. मग द्रावणात बुडवून पाचेक मिनिटांनी बाहेर काढले की पात्यावर काजळीसारखा काळा थर दिसतो आणि नवशिक्याला पाते वाया गेल्यासारखे वाटते. २००० नंबरच्या कागदाने तो हलका पुसला की खालून निकेलच्या उजळ रेघा निघतात. असे तीन-चार वेळा. नख आडवे फिरवल्यावर कंगोरे लागू लागले म्हणजे थांबावे. मग पाते खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवावे, नाहीतर आम्ल मुठीजवळ दडून खात राहते. आणखी काळोखी हवी असल्यास कडक इन्स्टंट कॉफीत काही तास ठेवतात. कार्बनचे थर काळे पडतात, निकेलचे तसेच राहतात. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातले बोअरचे पाणी शेवटच्या धुण्याला वापरू नये, त्यातल्या क्षारांनी गंज लवकर धरतो. धार सर्वांत शेवटी लावायची, कारण आम्ल तिलाही खाते.

स्वयंपाकाच्या सुरीला औषधांच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन पुरते. वऱ्हाडातले जवसाचे तेलही चांगले, सुकून पापुद्रा धरते. मात्र ते खाण्याचे कच्चे तेल असावे. रंगाच्या दुकानातल्या उकळलेल्या तेलात सुकवणारी धातूची द्रव्ये असतात. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये, तो आपोआप पेटू शकतो. पावसाळ्यात पाते ओले राहिले तर रात्रीतून तांबडे ठिपके येतात. लिंबू-टोमॅटो चिरल्यावर रंग बदलणारच, त्याचे वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही.

द्रावण अनेकदा वापरता येते. थकल्यावर फेस थांबेपर्यंत त्यात सोडा घालून गाळ बसू द्यावा. हा निकेलचा गाळ मोरी-नाल्यावाटे मोर्णा नदीत सोडणे गैर आहे.

स्वस्त सुऱ्यांवर नक्षी अनेकदा नुसती छापलेली असते. मुठीजवळची चिमूटभर जागा घासून पुन्हा आम्ल लावावे. थरांचे पोलाद असेल तर रेघा परत येतात.

९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे हत्यार शस्त्र कायद्याखालील नियमांनुसार शस्त्रांच्या यादीत येते. घरकामासाठी, शेतीसाठी, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. त्यामुळे सुरी, पावशी आणि विळा यांवर कुणी कितीही जौहर काढावे.