सहीवाचून नोट

हैदराबाद संस्थानाच्या नोटांवर उर्दूबरोबर मराठीतही किंमत छापलेली असे; म्हणून आपल्या जुन्या घरांत त्यांविषयी जिव्हाळा आहे. त्यांच्या नकला पारखताना आम्ही प्रथम भिंग घेतो. मूळ छपाईची रेघ सलग दिसते, आधुनिक प्रतीत ती ठिपक्यांत फुटते.

परंतु अस्सल छपाई म्हणजे चलन नव्हे. लंडनहून मुंबईस निघालेली ‘इजिप्त’ आगबोट २० मे १९२२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात टक्कर होऊन बुडाली. तिच्यातील संस्थानाच्या, सही व्हावयाच्या राहिलेल्या नोटा इटालियन पाणबुड्यांनी १९३२ साली सोन्यासोबत वर काढल्या. कागद खरा, छपाई खरी. पण त्यांनी बाजार कधी पाहिलाच नाही. त्या बोटीची म्हणून दाखविलेल्या नोटेवर सही आढळली, तर तीच शंकेची जागा.