गोमंतकीय वादकांचे ऋण

देवळातील सनई-चौघडा आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे जाझ यांत काही नाते असेल, असे प्रथमदर्शनी वाटत नाही. परंतु ठरलेल्या सुरावटीच्या आधाराने वादकाने ऐनवेळी विस्तार करावयाचा, हे तत्त्व दोहोंकडे आढळते.

१९३५ साली लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्डही आले. हे संगीत आपल्याकडे आत्मसात केले ते मुख्यत्वे गोमंतकीयांनी. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन आणि व्हायोलिन यांचे धडे त्यांना बालपणीच मिळत. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रंपेटवादक म्हणून गाजले. पुणतांब्यास जन्मलेल्या सी. रामचंद्र यांचे ते साहाय्यक; ‘अलबेला’ (१९५१) हे त्या सहकार्याचे फळ होय.

मडगावनजीकच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांचा संगम घडविणारा वाद्यवृंद उभारला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील गीतात गुरूचे नाव गुंफून गुरुदक्षिणा दिली. इतरांच्या वाट्याला ते भाग्य क्वचितच आले. श्रेयनामावलीत बहुतेकांची नावे आलीच नाहीत.

१९५६ साली बीदर व गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले. राज्यांच्या सीमा बदलल्या, सुरांस मात्र सीमा नव्हती. भालकी-आळंदच्या वरातीत बँडवाला ट्रंपेटवर जुने चित्रपटगीत छेडतो, तेव्हा त्या अनामिकांचेही स्मरण करणे हे आपले कर्तव्यच नव्हे काय?